डोंगरावरील एक दिवस
आपल्या जिल्ह्यांतील मिशनकार्याच्या इतिहासांतील एक प्रकरण

ज्युबिलीच्या वर्षीं मनुष्य मागें वळून पाहतो तें दोन कारणांकरितां. देवानें जें दिलें त्याबद्दल त्याचे आभार मानावे, हें पहिलें. आणि दुसऱ्याचें जें आपणांकडे राहून गेलें असेल त्याची मोजदाद करावी, हें दुसरें. जुन्या करारांतील लेवीयाच्या पुस्तकांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे तें मुख्यत्वें या दुसऱ्या अर्थानें. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि दास्यांत पडलेल्यांस मोकळें करावें, असा तो नियम होता. तेव्हां ज्युबिली म्हणजे केवळ मंडप, पताका व मिष्टान्न नव्हे. तो हिशेबाचाहि दिवस आहे.

हें मनांत धरून आम्हीं या लेखासाठीं एक निराळाच विषय निवडला आहे. मंदिर, शाळा व धर्मगुरू यांचा वृत्तांत सांगणारे सांगतीलच. आम्हांस सांगावयाचें आहे तें डोंगरावर जाऊन एक दिवस हातानें काम करून येण्याविषयीं. हल्लीं आपल्या ख्रिस्ती तरुणांत, विशेषतः प्रायश्चित्तकाळांत व उन्हाळ्याच्या सुटींत, अशी सेवाफेरी काढण्याची हौस आढळते. ही हौस चांगली आहे. परंतु तिला मागें एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला तर त्या दिवसाचा अर्थ आपण उलटा लावूं, अशी आम्हांस भीति वाटते.

श्रीरामपूर हें सपाटीचें गांव. येथून डोंगर दिसला तरी तो क्षितिजावरची निळी रेघ म्हणूनच. आपला व डोंगराचा कांहीं संबंध आहे असें येथील माणसास सहसा वाटत नाहीं. पण नकाशा उघडून पाहावा. प्रवरा नदी सह्याद्रींत रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. तेथें पावसाळ्यांत हजारों मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे जसजसें उतरावें तसतसा तो घटत जातो, आणि श्रीरामपुरापर्यंत येतां येतां वर्षाकांठीं जेमतेम पांचशें मिलिमीटरच्या आसपास उरतो. एवढ्या पावसावर बाजरी पिकते, ऊंस पिकत नाहीं. जुन्या पिढीनें येथें जें माळरान पाहिलें तें या पावसाचें फळ होतें, आणि पुढें जो हिरवा मुलुख झाला तो डोंगराच्या पाण्याचें फळ होतें.

१८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हां येथें बेलापूर रस्त्याचें स्टेशन होतें, एवढीच या जागेची ओळख होती. १९१० सालीं भंडारदरा येथें प्रवरेवर धरण बांधावयास आरंभ झाला, आणि १९२६ च्या डिसेंबर महिन्यांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. संगमनेरच्या पुढें ओझरच्या बंधाऱ्यापासून कालवे निघाले. हरेगांवीं बेलापूर कंपनीचा साखरेचा कारखाना १९१९ च्या सुमारास उभा राहिला. मग ऊंस आला, गूळ आला, मोसंबीच्या बागा आल्या, बाजारपेठ आली. कारखान्यांत व मळ्यांत कामाला माणसें लागलीं, आणि त्या माणसांत गांवोगांवचीं गरीब ख्रिस्ती कुटुंबेंहि होतीं. हरेगांवच्या ज्या मतमाउलीच्या यात्रेस दर वर्षीं सप्टेंबरांत लाखों भाविक जमतात, ती यात्राहि याच कालव्याच्या मुलुखांत वाढली. आपली वस्ती, आपली मजुरी, आपल्या देवळांतील दानपेटी, या सर्वांच्या मुळाशीं पाहूं गेल्यास डोंगरावर पडलेला पाऊस सांपडतो.

आतां दुसरी बाजू. भंडारद्याच्या जलाशयाखालीं ज्यांच्या जमिनी गेल्या ते डोंगरकरच होते. धरणाच्या वरच्या अंगास आदिवासी महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती आहे. त्यांच्या उतारावर पाऊस उदंड पडतो, पण तो थांबत नाहीं; पावसाळ्यांत ओढे भरून वाहावे आणि उन्हाळ्यांत बायकांनीं झऱ्याशीं वाटीनें पाणी भरावें, अशी तेथील रीत. तेथून पूर्वेस संगमनेर तालुक्याचें जें पठार आहे तें तर पर्जन्यछायेंत पडतें. तेथें उंची आहे, चढण आहे, खडक आहे. फक्त पाऊस नाहीं. कालवा पायथ्यानें जातो, पण पाणी चढ चढत नाहीं. म्हणून पठारावरचा शेतकरी पायथ्याचा हिरवा ऊंस डोळ्यांनीं पाहत राहिला, आणि पोट भरण्यासाठीं वर्षाचे कित्येक महिने खालीं उतरून मजुरी करीत राहिला. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढचा इतिहास वाचावा.

पुण्याचा धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला व त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं या जिल्ह्यांत कायमचें ठाणें दिलें. राहुरी तालुक्यांतील केंदळ हें त्या आरंभींच्या केंद्रांपैकीं एक. तेथेंच फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें. तेच पुढें १९०७ सालीं पुण्याचे महागुरुस्वामी झाले. त्यांचा काळ सुखाचा नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनीं दख्खन होरपळून निघालें. अशा वेळीं धर्मगुरूच्या दारीं येणारा मनुष्य प्रथम भाकरी मागे, आणि भाकरी देणें हेंच त्या वेळचें कर्तव्य होतें. घोड्यावर, बैलगाडींत व पुष्कळदां पायीं हिंडून त्यांनीं तें केलें.

या फेऱ्यांत त्यांच्यासंगें आणखी कोणी असे, त्याचें स्मरण आपण क्वचितच करतों. तो म्हणजे गांवचा मास्तर. पोरांना अक्षरें शिकवणारा, संध्याकाळीं प्रार्थना चालवणारा, आजाऱ्यास बातमी पोंचवून धर्मगुरूस बोलावून आणणारा, मेलेल्यास मूठमाती देणारा हा प्रापंचिक मनुष्य तुटपुंज्या पगारावर राबे. त्याची बायको तर पगाराशिवायच राबे. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. जर्मन धर्मगुरू परशत्रूचे प्रजाजन ठरले, प्रथम स्थानबद्ध झाले, आणि १९१६ सालीं त्यांस मायदेशीं धाडण्यांत आलें. मिशनाचा भार मग मागें राहिलेल्या थोड्या धर्मगुरूंवर व गांवोगांवच्या मास्तरांवर पडला. आज आपण ज्यास स्वयंसेवक म्हणतों, त्याचा या जिल्ह्यांतील पहिला अवतार म्हणजे हा मास्तर. तो पाहुणा म्हणून येत नसे. तो तेथलाच असे, आणि दुसऱ्या दिवशींहि तेथेंच असे. हा फरक लहान नाहीं.

इकडे युरोपांत त्याच महायुद्धाच्या राखेंतून एक नवी कल्पना निघाली. पिएर सेरेझोल नांवाच्या स्विस इंजिनियरानें १९२० सालीं फ्रान्समध्यें वेर्दुन्‌नजीकच्या एका उद्ध्वस्त खेड्यांत निरनिराळ्या देशांचे कांहीं लोक जमवले व पडलेलीं घरें पुन्हां उभीं करण्यास आरंभ केला. काल जे एकमेकांचे शत्रु होते त्यांनीं आज एकत्र कुदळ धरावी, हा त्यांतील हेतु. ‘आंतरराष्ट्रीय नागरी सेवा’ म्हणून जी संस्था पुढें प्रसिद्ध झाली ती येथून निघाली. १९३४ च्या जानेवारींत बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां हेच सेरेझोल हिंदुस्थानांत आले व मुझफ्फरपुराकडील खेडीं पुन्हां वसवण्याच्या कामीं स्वतः राबले. ते कॅथलिक नव्हते, आणि आपल्या मिशनाशींहि त्यांचा संबंध नव्हता. तरी परक्या मुलुखांत जाऊन, उपदेश न करतां, हातानें काम करावें, ही जी पद्धत आज आपल्या तरुणांस सहज वाटते, तिचा एक झरा तेथें आहे हें सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत हीच गोष्ट ‘श्रमदान’ या गोड नांवानें रूढ झाली, आणि १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दींत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या रूपानें ती महाविद्यालयांत गेली.

महायुद्धानंतर आपल्या मिशनांत स्विस येशूसंघीय येऊं लागले. १९४८ सालीं त्यांच्यांतील एक तरुण या देशांत आला. त्याचें नांव हर्मन बाखर. आल्प्स पर्वताच्या कुशींत ज्याचें बालपण गेलें त्यास डोंगर म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत फादर बाखर यांनीं अहमदनगर येथें सोशल सेंटर उभें केलें, आणि जात वा धर्म न पाहतां शेतकऱ्यांच्या विहिरी, कर्ज, बीं-बियाणें यांच्या कामास वाहून घेतलें. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हां महाराष्ट्रभर सरकारी व खासगी मदतकामें निघालीं. खडी फोडणें, रस्ते करणें, विहिरी व तलाव खणणें, आणि त्याच्या मोबदल्यांत धान्य किंवा मजुरी देणें, असा तो क्रम होता. त्या मदतीनें माणसें जगलीं, हें कोणी नाकारणार नाहीं.

परंतु पाऊस लांबला कीं विहीर पुन्हां कोरडी पडे. ती अधिक खोल केली तर शेजाऱ्याची आटे. कारण उघड होतें. वरचा डोंगर बोडका झाला होता. पावसाचें पाणी माती घेऊन धांवत खालीं जाई व जमिनींत कांहींच मुरत नसे. ज्या घागरीस बूड नाहीं तींत कितीहि ओतलें तरी काय उपयोग? म्हणून विहिरीकडून डोंगराकडे पाहावें, आणि कामास माथ्यापासून आरंभ करून पायथ्यापर्यंत उतरत यावें, हें तत्त्व पुढें आलें. त्यास आपण पाणलोट क्षेत्राचा विकास म्हणतों. याच जिल्ह्यांत राळेगणसिद्धीनें १९७५ नंतर, व हिवरे बाजारनें १९८९ नंतर, स्वतःच्या हिकमतीनें हें करून दाखवलें. फादर बाखर यांच्या प्रेरणेनें १९८९ च्या सुमारास ‘इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम’ आंखण्यांत आला. पैसा जर्मन सरकारचा, कारभारांत नाबार्ड बँक, आणि काम गांवकऱ्यांचें, अशी त्याची मांडणी होती. १९९३ सालीं फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनीं याच कार्यासाठीं ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली.

या कार्यक्रमाचें जें वैशिष्ट्य आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें पैशांत नाहीं, एका अटींत आहे. कोणत्याहि गांवास मदत मिळण्यापूर्वीं त्या गांवानें चार दिवस श्रमदान करून दाखवावें. त्याखेरीज कुऱ्हाडबंदी व चराईबंदी मान्य करावी. आणि पुढें मजुरीच्या खर्चाचा ठराविक हिस्साहि श्रमरूपानें गांवानेंच उचलावा. भूमिहीन व एकट्या बाईवर चालणारीं घरें यांस या हिश्शांतून सूट असे. वरवर पाहतां ही अट निष्ठुर वाटते. ज्यांच्या घरीं पाणी नाहीं त्यांनाच आधीं घाम गाळावयास लावावें काय? पण तिचा अर्थ खोल आहे. जो दुसऱ्याच्या दारीं हात पसरून उभा राहतो तो उद्याहि उभाच राहतो. जो चार दिवस आपल्या डोंगरावर राबला तो मात्र मालकाच्या नात्यानें बोलतो, आणि चुकलें तेथें हिशेब विचारतो. आरंभींच्या धर्मगुरूंनीं भाकरी दिली तें योग्यच होतें. या अटीनें त्याच ख्रिस्ती प्रीतीस पुढची पायरी मिळाली.

आतां अशा कामाचा एक दिवस कसा जातो तें सांगतों. काम बहुधा उन्हाळ्यांत, पेरणीपूर्वीं चालतें. सूर्य वर येण्याच्या आंत माथ्यावर पोंचावें लागतें, कारण दहा-अकरानंतर खडक तापतो. पहिलें काम आंखणीचें. बांबूच्या तीन काठ्या जोडून इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट केलेली असते. तिच्या शेंड्यापासून दोरीनें एक दगड टांगतात, तो ओळंबा. दोरी आडव्या काठीवरील मधल्या खुणेवर स्थिरावली कीं चौकटीचे दोन्ही पाय एका पातळींत आहेत असें समजावें. अशा रीतीनें चौकट फिरवीत फिरवीत डोंगराच्या अंगावर फक्कीनें रेघ काढीत जातात. निरक्षर बाईसहि हें अर्ध्या तासांत येतें, आणि ती जी रेघ काढते तींत इंजिनियरास दोष काढतां येत नाहीं.

मग त्या रेघेवर चर खणावयाचा: साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल. टिकावानें मुरूम फोडावा, फावड्यानें भरावा, आणि निघालेली माती चराच्या खालच्या अंगास रचून तिचा बांध करावा. मोठा दगड आला तर पहार लावावी. खालीं ओघळींत दगड एकावर एक बसवून अनगड बांध घालतात; त्यांत मोठे दगड कोणते, बारीक कोणते, हें गांवचा म्हातारा पाहतांच सांगतो. शहरचा पाहुणा जोरानें कुदळ मारतो व तासाभरांत बसतो. गांवची बाई सावकाश मारते व दुपारपर्यंत थांबत नाहीं. सावलीस बसून भाकरी, पिठलें, कांदा व ठेचा खावा, ऊन उतरल्यावर पुन्हां हात चालवावा, आणि दिवेलागणीपूर्वीं खालीं उतरावें. पावसाच्या आरंभीं त्याच बांधावर गवताचें बीं टाकतात व सीताफळ, करंज, कडुलिंब अशीं झाडें लावतात. कामाचें स्वरूप एवढेंच. त्यांत चमत्कार असा कांहीं नाहीं.

पण हिशेब करून पाहावा. साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल अशा चराच्या एका मीटरांत एका वेळीं १८० लिटर पाणी मावतें. चाळीस माणसांनीं माणशीं तीन मीटर चर खणला तर १२० मीटर होतात. तो एकदां भरला कीं २१,६०० लिटर पाणी धांवण्याऐवजीं थांबलें व जमिनींत मुरूं लागलें. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर कांहीं उरावें, इतकें तें होतें. पावसाळ्यांत चर जितके वेळां भरेल तितके वेळां ही मिळकत. असा हा एका दिवसाच्या घामाचा मोबदला आहे, आणि तो पाहून कोणाचेंहि मन हर्षून जाईल.

तथापि येथेंच सावध राहिलें पाहिजे. चर खणला म्हणजे काम झालें असें नव्हे. पहिल्याच जोराच्या पावसांत त्यांत गाळ बसतो. तो काढावा लागतो. बांधावरचें गवत शेळीनें खाल्लें तर बांध ढासळतो. म्हणून गुरें अडवावीं लागतात. दगडी बांधाचा एक दगड निखळला तर तो पुन्हां बसवावा लागतो. हें सर्व करणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या वर्षीं व दहाव्या वर्षींहि तेथें असला पाहिजे. पाहुण्याचा एक दिवस त्या गांवाच्या शेंकडों दिवसांत मिसळला तरच त्याचें पाणी होतें. एरवीं त्याचें छायाचित्र तेवढें उरतें.

याचा पुरावा म्हणून संगमनेर तालुक्याच्या दरेवाडीकडे बोट दाखवितां येईल. पर्जन्यछायेंतील या गांवीं १९९६ पासून २००१ पर्यंत पाणलोटाचें काम चाललें. त्यापूर्वीं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत पिण्याचें पाणी टँकरनें येई, तें थांबलें. चालू विहिरी २३ होत्या त्या ६३ झाल्या. गांवांत शेतीचें काम वर्षांतून तीन-चार महिने मिळे, तें नऊ-दहा महिने मिळूं लागलें. या शेवटल्या आंकड्याचा अर्थ श्रीरामपूरकरांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. मजुरीसाठीं बिऱ्हाड पाठीशीं बांधून उतरणारें कुटुंब घरीं राहिलें, म्हणजे त्याचीं मुलें शाळेंत राहिलीं.

मात्र सत्य सांगावयाचें तर पुरतें सांगावें. या यशाची किंमत सर्वांनीं सारखी दिली नाहीं. चराईबंदी झाली तेव्हां ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचें पीक वाढलें; पण ज्यांचें सारें धन म्हणजे चार शेळ्या-मेंढ्या, त्या धनगर-ठाकरांस व भूमिहीनांस चरण्याची जागा बंद झाली. दरेवाडीच्या अभ्यासकांनींहि ही गोष्ट नोंदवली आहे. म्हणून डोंगरावर जाणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यानें नुसता चर पाहून भागणार नाहीं. या चरामुळें कोणाचें भलें होतें, कोणाचें अडतें, आणि ज्याचें अडतें त्यास गांवाच्या सभेंत बोलतां येतें कीं नाहीं, हेंहि विचारलें पाहिजे. गरिबाची बाजू घेणें हें आपणांस शुभवर्तमानानें लावून दिलेलें काम आहे.

पुढें २०१६ ते २०१९ या काळांत महाराष्ट्रांत जलसंधारणाच्या स्पर्धा निघाल्या, आणि १ मे २०१८ रोजीं तर हजारों शहरवासी ‘जलमित्र’ होऊन एका दिवसाच्या महाश्रमदानास खेड्यांत गेले. त्या दृश्यानें आनंद झाला. पण तेथेंहि अनुभव हाच कीं, जेथें गांव आधींच उठून कामास लागलें होतें तेथें पाहुण्याचा हात कामीं आला.

पवित्र शास्त्रांत एका दिवसाच्या अशा मदतगाराचें उदाहरण आहे. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता. शिपायांनीं त्यास धरलें व प्रभूचा क्रूस वाहावयास लावलें. त्यानें वाटेचा कांहीं भाग तेवढा चालून दिला. क्रूस त्याचा नव्हता, तो उचलण्याची कल्पनाहि त्याची नव्हती, आणि टेंकडीवर जें घडावयाचें तें त्यानें केलें नाहीं. तरी शुभवर्तमानानें त्याचें नांव राखून ठेवलें. इतकेंच नव्हे, तर संत मार्कानें त्याच्या मुलांचींहि नांवें लिहिलीं. डोंगरावरील आपला एक दिवस या शिमोनाच्या वाट्यासारखा आहे. ओझें दुसऱ्याचें, वाट दुसऱ्याची; आपण थोडा वेळ खांदा द्यावयाचा. जो हें ओळखून जातो त्याच्या मनांत ‘आम्हीं यांच्यावर उपकार केला’ असा विचार येत नाहीं.

आणि श्रीरामपूरच्या माणसानें तर उपकाराची भाषा मुळींच करूं नये. वर सांगितलेला नकाशा आठवावा. आपण शंभर वर्षें डोंगराच्या पाण्यावर जगलों. ज्यांच्या जमिनीवर तो जलाशय उभा आहे, ज्यांच्या उतारावरून तें पाणी आलें, त्यांच्या घरीं उन्हाळ्यांत घागर रिकामी होती. त्यांच्याकडे एक दिवस कुदळ घेऊन जाणें हें दान नसून ऋणाचा हप्ता आहे, आणि हप्ता एकदां भरून कर्ज फिटत नाहीं. ज्युबिलीच्या वर्षीं ही जाणीव झाली तरी हें वर्ष सत्कारणीं लागलें असें आम्ही समजूं.

तेव्हां धर्मग्रामांतील तरुण मंडळास व भगिनींस आमच्या चार सूचना आहेत. पहिली: आपण ठरवून जाऊं नये, गांवास विचारून जावें, काम कोणतें व केव्हां, हें ग्रामसभेनें सांगावें. दुसरी: एकच गांव धरावें व त्यास वर्षानुवर्षें सोडूं नये, उन्हाळ्यांत चर खणला तर पावसाळ्यांत तो कसा भरला हें पाहावयास जावें, आणि पुढच्या वर्षीं गाळ काढावयास जावें. तिसरी: ज्यांच्याबरोबर राबलों त्यांस आपल्या सणास बोलवावें, आपल्या पंक्तीस बसवावें, नाहींतर नातें मालक-मजुराचें नसलें तरी दाता-याचकाचें होऊन बसतें. चौथी, आणि सर्वांत अवघड: खालीं परत आल्यावर नळ, बोअर व कालव्याचें पाणी जपून वापरावें. वर दिवसभर राबून २१,००० लिटर मुरवावें आणि घरीं आल्यावर पाटानें ऊंस तुडुंब भरावा, हें शहाणपण नव्हे. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत पृथ्वीची हांक व गरिबाची हांक एकच आहे, असा जो बोध केला, तो आपल्या मुलुखांत कालव्याच्या काठीं बसून वाचावा म्हणजे नीट समजतो.

आपला नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजीं निर्माण झाला. तो दिवस शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण आहे. हा संत दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी होता. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, मठ स्थापिला नाहीं. नांगर धरला व प्रार्थना केली. फादर बाखर २०२१ सालीं वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षीं आपल्या मायदेशीं प्रभूच्या घरीं गेले. केंदळचे ते पहिले धर्मगुरू व त्यांचे मास्तर तर केव्हांच मातीस मिळाले. पण पठारावर पाऊस पडतो तेव्हां चरांत पाणी थांबतें, आणि तें कोणाच्या हातानें थांबलें हें पाण्यास ठाऊक नसलें तरी देवास ठाऊक आहे.

ज्या परमेश्वरानें डोंगरांतून झरे सोडले व खोऱ्यांतून नद्या वाहविल्या, तो आपल्या या धर्मग्रामावर कृपा करो. मिळालेलें परत देण्याची बुद्धि आपणांस देवो. आणि डोंगरावरील आपल्या भावा-बहिणींच्या विहिरी भरलेल्या राखो, हीच ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं आमची नम्र प्रार्थना आहे. आमेन.